भगवान पेंटरची पाठ

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात त्या काळी कुणी नवं दुकान टाकायचं ठरवलं की मालक आधी सुताराकडे जायचा आणि सुताराच्या दारातूनच भगवान पेंटरला निरोप धाडायचा. मराठी, हिंदी, इंग्रजी अक्षरं कुणीही पेंटर काढी. भगवान सिंधीही काढायचा. उजवीकडून डावीकडे पळणारी ती ठिपक्याठिपक्यांची लिपी त्याला धड वाचता येत नव्हती, पण हातात पक्की बसली होती. शिकवली टेकचंदने. टेकचंदचं परकर आणि मॅक्सीचं दुकान होतं. त्याच्या पहिल्या बोर्डावर भगवानचा एक ठिपका राहिला, तेव्हा टेकचंदने खाली उभं राहून त्याला तीनदा शिडी चढायला लावली होती. "साईं, नुक्ता किधर गया? नुक्ता गया तो बाप का नाम गया," असं तो म्हणाला होता. हा किस्सा भगवान घरी नक्कल करून सांगायचा आणि त्याची बायको भागीरथी दर वेळी नव्याने हसायची.

भागीरथी त्याच टेकचंदसाठी घरबसल्या काजं-बटणं करी. बराकीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली परकरांचे गठ्ठे आणि कोपऱ्यात रंगाचे डबे. भगवान संध्याकाळी घरी येई तो टर्पेंटाइनचा वास घेऊनच. कानाच्या पाळीला, भुवईला कुठेतरी रंग लागलेला असे, आणि भागीरथी रॉकेलच्या बोळ्याने तो पुसून काढी. तो नको नको म्हणत मान वाकडी करी, आणि त्यांची मुलगी करुणा अभ्यासातून मान वर करून आज कुठला रंग आहे ते सांगे. आज कुठल्या दुकानाचा बोर्ड झाला, याचा त्यावरून तिचा अंदाज चालायचा. हिरवा म्हणजे मेडिकल, लाल म्हणजे मिठाई. पुढे कितीतरी वर्षांनी भागीरथीला त्या दिवसांची आठवण आली की आधी तो वास यायचा, मग बाकीचं सगळं.

पाठ दुखायला लागली ती १९८६ च्या दिवाळीत. दिवाळी म्हणजे पेंटरचा हंगाम, तेव्हा सगळ्यांनी शिडीला दोष दिला. तेल चोळून झालं, विटेने शेकून झालं, अंबरनाथचा एक हाडवैद्य दोनदा पाठ मोडून गेला. मग एके दिवशी भगवान बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आला. दुसरी कुठे पडली ते त्याला कळलंच नव्हतं. भागीरथीने खाली बसून त्याच्या पायाला चिमटा काढला. तो शांतपणे तिच्याकडे बघत राहिला. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. हाडांच्या आतल्या मज्जेचा कॅन्सर, आणि त्याने पाठीचा एक मणका आतून पोखरला होता. आधी पाठीवर शेक दिले. रेडिएशनला तिथले पेशंट शेकच म्हणत. दहा शेक झाले आणि एका सकाळी मणका बसला. पाय लुळे पडले. मग घाईने ऑपरेशन करून डॉक्टरांनी मज्जारज्जूवर दाबणारा भाग काढला आणि मणक्यांना आधार म्हणून स्टीलच्या सळया तारांनी बांधल्या. चौथ्या दिवशी भगवानने उजव्या पायाचा अंगठा हलवला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेसुद्धा टाळी वाजवली.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी भागीरथीला बाजूला बोलावलं. पाय परत येतील, म्हणाले, पण आता खरी भीती जखमेची आहे. त्या जागेची कातडी शेकाने भाजून निघालेली, तिच्यात भरून यायचा जोर कमी. रोगाशी लढणारं रक्त जिथे तयार होतं ती मज्जाच आजारी. वर मज्जारज्जूची सूज उतरवायच्या गोळ्या चालू. आणि आत लोखंड आहे, त्याला जंतू चिकटले की नुसत्या औषधाने सुटत नाहीत.

"ताप म्हणजे शरीराने मारलेली हाक असते, बाई," डॉक्टर म्हणाले. "या माणसाच्या शरीरात हाक मारायची ताकद राहिलेली नाही, आणि या गोळ्या त्याचं तोंड दाबून धरतात. म्हणून तापाची वाट बघू नका. पट्टी ओली दिसली, पाठ नव्याने दुखायला लागली, तर सरळ इकडे या."

बाकीचं शिक्षण वॉर्डातल्या कुमुदिनी सिस्टरकडे झालं. बाई उंच, करड्या आवाजाच्या, बदलापूरहून रोज येणाऱ्या. त्यांनी भागीरथीला नळापाशी नेलं आणि हात धुवायला लावले. तिने धुतले. पुन्हा धुवायला लावले. बांगड्या काढायला लावल्या, नखं कापायला लावली. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्यात साबण, मग पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळू द्यायचं आणि हात पदराला पुसायचे नाहीत, हवेत वाळवायचे. गॉजच्या घड्या स्टीलच्या डब्यात घालून कुकरमध्ये कशा वाफवायच्या तेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "भेटायला माणसं येतील. सगळी प्रेमाने येतील. त्यातलं एकही आत घ्यायचं नाही. जमेल?"

भागीरथी हो म्हणाली. ते सगळ्यात अवघड निघणार आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने आधी परकरांचे गठ्ठे टेकचंदकडे परत पाठवले, कारण त्यांचे तंतू खोलीभर उडत. रंगाचे डबे बाहेर गेले. करुणाला सर्दी होती, म्हणून तिला बदलापूरला, कुळगावात आत्याकडे धाडलं. भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. आणि मग माणसं यायला लागली. विहारातली मंडळी आली, शेजारच्या बराकीतल्या बायका आल्या, दोन पेंटर आले, मिठाईवाला पेढे घेऊन आला. भागीरथी उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांना एकच सांगे, की डॉक्टरांची मनाई आहे, जखम बरी झाली की या. काहींना पटलं. काही बायका ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या, की भागीरथीला मुंबईचं वारं लागलं, माणूस आजारी असताना कुणी दार लावतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी जनाबाई आली. भगवानची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, जनाबाई तेरा. तिने त्याला कडेवर घेऊन शेण गोळा केलं, शेळ्या राखल्या. लग्न होऊन ती कुळगावातच राहिली, लवकर विधवा झाली, आणि भावाला ताप आला असं कळलं तरी दूध-भाकरी बांधून निघायची. आजही तिच्या हातात फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी आणि अंडी होती. ती नेहमीसारखी डोक्यावरचा पदर सावरत सरळ आत शिरणार, तोच भागीरथीने हात आडवा केला.

"आक्का, आत नका जाऊ. त्यांच्या पाठीला हात लागायचा नाही."

जनाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती तिथेच थांबली आणि भागीरथीच्या आडव्या हाताकडे बघत राहिली.

"त्याला मी धुवायचे, पुसायचे," ती म्हणाली. "आणि आज मी भाईर?"

भागीरथीने जे डॉक्टर म्हणाले ते सांगायचा प्रयत्न केला, पण मज्जा, शेक, गोळ्या यांची वाक्यं तिच्या तोंडात नीट बसली नाहीत, पाठ केल्यासारखी बाहेर आली. जनाबाईने भाकरी उंबऱ्यावर ठेवली. पाणीसुद्धा न पिता ती आल्या पावली निघून गेली.

आतून भगवानने सगळं ऐकलं होतं. तो कुशीवर पडून होता, तोंड भिंतीकडे. त्या दिवशी तो बायकोशी बोलला नाही. तिने हात धुवून, पट्टी बदलून, त्याला चादरीसकट ओंडक्यासारखा एका दमात दुसऱ्या कुशीवर वळवला, तरी बोलला नाही. भागीरथी स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन बसली. तिलाही वाटलं, आपण फार तर नाही ना करत? नणंदेचे हात ते, ज्या हातांवर हा माणूस वाढला. पण मग नळापाशी दुसऱ्यांदा धुतलेले स्वतःचे हात तिला आठवले. पहिल्या वेळी तेही स्वच्छच दिसत होते.

तिसऱ्या दिवशी भगवान आपणहून बोलला. पत्र्याचा एक तुकडा आण, म्हणाला, आणि बारीक ब्रश. रंग नको, त्याचा वास नको, साधी शाई चालेल. कुशीवर पडल्या पडल्या, कोपर उशीवर टेकून त्याने लिहिलं, "मी बरा आहे. आत येऊ नका. बरा झालो की मीच येईन." तेच हिंदीत. तेच सिंधीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याची ओळ तिरकी गेली होती. भागीरथीने पत्रा दाराला टांगला. टेकचंदने येऊन तो वाचला, खिडकीबाहेरून ओरडला की सगळे ठिपके जागेवर आहेत, आणि निघून गेला. त्यानंतर दारात वाद झाले नाहीत. पेंटरनेच लिहिलंय म्हटल्यावर लोक हसून परत जात, जाताना खिडकीतून जय भीम घालत.

घरी येऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी पट्टी सोडताना भागीरथीला गॉजवर एक डाग दिसला. मसुरीच्या डाळीएवढा, पिवळसर, ओलसर. वास नव्हता. टाके नीट होते, आजूबाजूला लाली नव्हती. थर्मामीटर लावला तर ताप नाही. भगवान म्हणाला पाठ थोडी जड वाटतेय, पण ती काय, पडून पडून जड होणारच.

तिने कॅम्पातल्याच एका डॉक्टरांना घरी बोलावलं. माणूस भला होता, बरीच वर्षं तिथे दवाखाना चालवणारा. त्यांनी वाकून पाहिलं, नाडी बघितली, ताप नाही याची दोनदा खात्री केली. टाक्यांचं पाणी आहे, सुकेल, म्हणाले. कॅप्सूल लिहून दिल्या आणि उगाच मुंबईला हलवून त्याला हाल देऊ नका असं प्रेमाने बजावलं. भगवानचा चेहरा एकदम मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी डाग पावलीच्या नाण्याएवढा होता.

"आपल्याला जायचंय," भागीरथी म्हणाली.

"कुठं? ताप नाय, काय नाय. डॉक्टर बघून गेलेत ना?"

"मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तापाची वाट बघू नका."

भगवानने पायाचे अंगठे हलवून पाहिले. मग हळू म्हणाला, "ते परत फाडतील, भागीरथी. माझ्यात आता ती ताकद नाय. आत्ताच कुठं अंगठे हलतायत. जे व्हायचंय ते इथं होऊ दे."

तिने समजावलं, रागावली, शेवटी रडली. तो भिंतीकडे तोंड करून राहिला. माणूस जबरदस्तीने टेम्पोत घालता येत नाही, आणि त्याची पाठ अशी होती की जरा हिसका बसला असता तरी घात. भागीरथी वापरलेला गॉज कागदात धरून दारात आली. आता कुणाला विचारावं? तेवढ्यात रिक्षातून जनाबाई उतरली. करुणाची सर्दी गेली होती, तिला आईची आठवण येत होती, म्हणून तिला पोचवायला आली होती. ती रस्त्याच्या पलीकडेच थांबली. मुलीला म्हणाली, जा, मी इथनंच परत जाते.

भागीरथीच तिच्याकडे गेली. काही न बोलता तिने तो कागद उघडून दाखवला.

जनाबाईने हात लावला नाही. वाकून बघितलं, मान तिरकी करून पुन्हा बघितलं. तिने आयुष्यभर शेळ्या पाळल्या होत्या, आणि जखमा तिला माणसांपेक्षा जनावरांच्या जास्त ठाऊक होत्या.

"कवापास्नं?" तिने विचारलं.

"कालपासून. ताप नाही, आक्का. म्हणून यायला तयार नाहीत."

जनाबाई दारापाशी आली. उंबऱ्याच्या अलीकडे, पत्र्याखाली, खाली बसली. आत डोकावलीही नाही. भावाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलायला लागली.

"भगवाना, माझ्या काळ्या शेळीला काटा लागला व्हता. आठवतं? वरनं कातडी मिटली. शेळी पाला खात व्हती, उड्या मारत व्हती. मी म्हनलं बरी झाली. चौथ्या दिशी आडवी पडली. फाडून बघितलं तर आत सगळं सडलेलं. वर काय म्हंजे काय नव्हतं."

तिने डोक्यावरचा पदर सावरला.

"तुझी बायको मला दारात अडवते, तवा मला लई राग आला. पर मला अडवनारी बाई उगाच रडत नाय. ती म्हनते जायचं, तर जायचं. मी येते संगती. हात नाय लावनार तुला."

मग भगवानने आतून विचारलं, "तू जेवलीस का?"

म्हणजे तो तयार झाला होता, हे दोघींनाही कळलं.

टेकचंदने माल पोचवायचा टेम्पो दिला. त्यात फळी टाकली, फळीवर गादी, गादीवर भगवान, कुशीवर. ड्रायव्हरला टेकचंदने अर्ध्या हिंदीत अर्ध्या सिंधीत ताकीद दिली की एकही खड्डा लागला तर परत येऊ नकोस. खड्डे लागले. भागीरथी त्याची कंबर आणि खांदे दोन्ही हातांनी धरून बसली होती. जनाबाई ड्रायव्हरशेजारी बसून पुढचा खड्डा आला की आधी ओरडून सांगत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पट्टी सोडली, दोन बोटांनी टाक्यांच्या बाजूला हलकं दाबलं, आणि त्या लहान भोकातून पू आला. किती, ते बघून भागीरथीने मान फिरवली. त्याच दुपारी त्याला आत घेतलं. जखम उघडून सळयांपर्यंत धुतली, तीन दिवसांनी पुन्हा धुतली. सळया काढाव्या लागल्या नाहीत. जंतू अजून रक्तात पसरले नव्हते. त्यानंतर दीड महिना शिरेतून औषध चालू होतं.

दुसऱ्यांदा धुवून झाल्यावर डॉक्टर बाहेर आले. ताप नसताना इतक्या लवकर कशा आलात, असं त्यांनी विचारलं.

"ताप नव्हता म्हणूनच आले," भागीरथी म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. ते कुमुदिनी सिस्टरना काहीतरी इंग्रजीत बोलले. सिस्टरनी नंतर सांगितलं, की अजून दोन दिवस गेले असते तर पायांचा नव्हे, जिवाचाच प्रश्न होता. तो दीड महिना जनाबाई एक दिवसाआड कुळगावहून अंडी आणि मटकीची उसळ घेऊन यायची, कारण जखम भरायला असलं खाणं पाहिजे असं सिस्टर म्हणाल्या होत्या. वॉर्डाच्या दारात बसायची. डबा भागीरथीच्या हातात द्यायची. दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक घोळक्याने आत निघाले की तीच त्यांना अडवून विचारायची, हात धुतले का? वॉर्डबॉय तिला मोठी सिस्टर म्हणायला लागले.

भगवान त्यानंतर सात वर्षं जगला. काठी घेऊन चालायचा. शिडी सुटली, पण टेकचंदच्या दुकानामागे दोन स्टुलांवर फळी टाकून बसल्या बसल्या तो बोर्ड रंगवायचा, दुकानदार येऊन घेऊन जायचे. करुणाची दहावी झाली, बारावी झाली, ती अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली, हे सगळं त्याने पाहिलं. १९९४ मध्ये तो जुनाच रोग पुन्हा उठला, मूत्रपिंडं थकली आणि तो शांतपणे गेला. पाठीची जखम मात्र पुन्हा कधी ओली झाली नाही.

पण भागीरथीला त्या सात वर्षांतला सगळ्यात जास्त आठवतो तो पहिल्याच वर्षीचा, १९८७ च्या गणपतीच्या सुट्टीतला एक दिवस. डॉक्टरांनी आता पाठीवर पाणी चालेल असं सांगितलं होतं. पाच महिने त्याला ओल्या फडक्याने पुसत होते. जनाबाईने निरोप धाडला की पहिली आंघोळ माझ्याकडे. तिघं कुळगावात गेली. परसात चूल पेटवली होती, त्यावर मोठं भगोणं. न्हाणीच्या दगडावर पाट, पाटावर भगवान, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, काठी भिंतीला टेकवलेली. शेळ्या कुंपणापलीकडून बघत होत्या.

जनाबाई तांब्या घेऊन मागे उभी राहिली आणि थांबली. मानेपासून कमरेपर्यंत गेलेला तो व्रण ती पहिल्यांदाच बघत होती. तिने भागीरथीकडे पाहिलं. भागीरथीने मान हलवली, हो म्हणून.

मग जनाबाई चुलीपाशी गेली, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली. बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. धुवून झाल्यावर दोन्ही हात वर धरून वाळत उभी राहिली.

"आक्का, आता नाही लागत तेवढं," भागीरथी हसत म्हणाली.

"असू दे," जनाबाई म्हणाली.

तिने पाठीवर पाणी ओतलं. ऊन पाणी व्रणाच्या खाचेतून सरळ खाली धावलं. भगवानने डोळे मिटले, खांदे सैल सोडले. जनाबाईने ओला तळवा त्याच्या पाठीच्या मधोमध ठेवला आणि तसाच ठेवून ती उभी राहिली.

"केवढी झाली रे तुझी पाठ," ती म्हणाली. "तवा माझ्या दोन पंज्यांत मावायची."

भगवान डोळे न उघडता म्हणाला की पाणी जरा कोमट आहे, अजून ऊन चालेल. करुणा चुलीत लाकूड सारायला धावली.